पायांकडे बघणारी माणसं

"मॅडम, यातून पुढे काय?"

हा प्रश्न मला गेल्या बावीस वर्षांत नक्की किती पालकांनी विचारला असेल याचा हिशोब ठेवायला हवा होता. बँकेत नोकरी करणारीला आकडे ठेवायची सवय असते म्हणतात, पण हा आकडा राहिलाच. विचारणाऱ्यांचा सूर वेगवेगळा असतो. कुणी काळजीनं विचारतं, कुणी वैतागून. कुणी असं विचारतं, की उत्तर काहीही आलं तरी मुलीला सोमवारपासून क्लासला घालायचं हे घरी आधीच ठरलेलं आहे! त्यांचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बास्केटबॉल खेळून पोट भरलेला माणूस सांगा म्हटलं तर मलाही डोकं खाजवावं लागतं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी हे सगळं कुठल्या अधिकारानं (किंवा कसलाही अधिकार नसताना) लिहितेय ते कळेल. माझं माहेर सातारा, सासर सांगली. शाळेत पाचवी ते दहावी बास्केटबॉल खेळले. जिल्ह्याच्या संघात होते, विभागीय स्पर्धेपर्यंत गेले, तिथे हरलो, संपलं. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. सांगलीत आल्यावर दहा वर्षं चेंडूला हातही लावला नव्हता. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा तिथल्या ग्राउंडवर एक गंजलेली रिंग दिसली, आणि ती मला बघवेना. बँक सुटल्यावर तासभर येऊन मुलींना शिकवू का, असं विचारलं. पैसे मागत नव्हते, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून हे चालू आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली सुरू झाली. तिथला डिप्लोमा घेऊन आलेले खरे कोच. मी त्यातली नव्हे. मुली मला "ताई" म्हणतात, एवढीच माझी पदवी.

मला शिकवलं ते आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी. ते स्वतः शाळा-कॉलेजात खेळलेले. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. जूनमध्ये सुरू झाला की ग्राउंडवर नुसता चिखल, आणि लाकडी बोर्ड फुगून असा वाकायचा की चेंडू आपटला की कुठे जाईल ते देवाला ठाऊक. मग सर आम्हाला व्हरांड्यात घेऊन ड्रिबलिंग करायला लावायचे. चाळीस मुली, सहा चेंडू. उजव्या हातानं शंभर, डाव्या हातानं दोनशे. आतून कुणीतरी बाई ओरडायच्या, "अहो सर, इथे वर्ग चालू आहे!" सर म्हणायचे, "हो हो, संपलंच," आणि आम्हाला खूण करायचे, चालू ठेवा.

पण मला त्यांची आठवण राहिली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. आम्ही रिंगमध्ये चेंडू टाकायचो तेव्हा सगळ्यांच्या नजरा चेंडूकडे असायच्या. पडला की टाळ्या, नाही पडला की "श्शी!" सर मात्र चेंडूकडे बघतच नसत. ते आमच्या पायांकडे बघायचे. चेंडू आत गेला तरी म्हणायचे, "परत. डावा पाय वळला होता." आणि चेंडू बाहेर गेला तरी कधी कधी म्हणायचे, "शाब्बास, हे बरोबर होतं." आम्हाला वाटायचं, सरांचं काहीतरी बिनसलंय. कितीतरी वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं की चेंडू आत जातो की नाही हे तर कुणालाही दिसतं. त्यासाठी कोच कशाला हवा?

या खेळाचा जन्मदाता जेम्स नेस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या शाळेत त्यानं हा खेळ तयार केला. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली पोरं, आणि सज्जाच्या कठड्याला ठोकलेल्या पीचच्या दोन टोपल्या. हे पुष्कळांना माहीत असतं. पण पुढे तो कॅन्सस विद्यापीठात कोच झाला आणि तिथे त्याचे विजय ५५ आणि पराभव ६०, हे कुणी सांगत नाही. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच हा एकटाच, आणि तोच खेळ शोधणारा! मला हे पहिल्यांदा वाचल्यावर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

गंमत पुढे आहे. याच नेस्मिथच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन नंतर कॅन्ससचा कोच झाला. १९५२ मध्ये त्याच्या संघानं अमेरिकेतली विद्यापीठांची स्पर्धा जिंकली आणि त्यातले सात खेळाडू हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊन सुवर्णपदक घेऊन आले. त्याच हेलसिंकीत त्याच वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे दिले ते त्यांच्या वडिलांनी, दादासाहेबांनी, गावच्या तालमीत. नेस्मिथचं नाव निदान खेळामुळे राहिलं. दादासाहेबांचं नाव किती जणांना माहीत आहे?

तर "पुढे काय" या प्रश्नाकडे परत येते. पूर्वी मी त्याला उत्तर म्हणून मोठी नावं सांगायची. सांगायला आपल्याकडे नावं कमी नाहीत हो! माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय मुलगी, आणि शाळेत ती खो-खो खेळायची. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी ओजस देवतळेनं पुरुषांचं विजेतेपद मिळवलं, अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण. तो नागपूरचा, पण दोघांचे गुरू एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. नागपूरचं पोर साताऱ्याला शिकायला येतं, हे ऐकून माहेरचा अभिमान कसा उफाळून येतो ते विचारू नका.

पण या नावांनी पालकांचं समाधान होत नाही. कारण त्यांना मनातून माहीत असतं, आणि मलाही, की माझ्या ग्राउंडवरच्या तीस मुलींपैकी एकही अदिती होणार नाही, हाच जास्त संभव. बास्केटबॉलमध्ये तर विचारूच नका. आपला पुरुषांचा संघ ऑलिंपिकला गेला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोला. सातही सामने हरून आला. मग ही मोठी नावं सांगणं म्हणजे लॉटरीच्या दुकानात लावलेला बक्षीस मिळालेल्या माणसाचा फोटो दाखवण्यासारखं झालं.

माझं उत्तर बदललं ते २०२१ मध्ये, प्रवीण जाधवची गोष्ट नीट वाचल्यावर.

प्रवीण फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. आई-वडील मोलमजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेत विकास भुजबळ नावाचे शिक्षक होते. त्यांनी या पोराला पळायला लावलं, चारशे आणि आठशे मीटर. एकदा सराव सुरू करतानाच, नुसत्या वॉर्म अपमध्ये, पोरगा कोसळला. आता इथे दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे, "अंगात दम नाही, घरी बस." आपल्याकडे बहुतेक वेळा हीच होते. भुजबळ सरांनी दुसरी केली. हा का पडला ते बघितलं. घरी पुरेसं खायलाच नव्हतं. मग त्याच्या खाण्यापिण्याची सोय लावली आणि पुढे त्याला क्रीडा प्रबोधिनीत पाठवलं.

तिथे काय झालं ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. तिथल्या एका चाचणीत दहा मीटरवरून चेंडू रिंगमध्ये टाकायचे होते. प्रवीणनं दहापैकी दहा टाकले. आता मी असते तर म्हटलं असतं, हा माझा! पण तिथल्या लोकांनी त्याला तिरंदाजीला घातलं. ज्यानं ते पाहिलं, त्यानं चेंडू बघितले नाहीत. त्यानं नजर आणि हात बघितला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. अंगात ताकद कमी, धनुष्य जड, परत पाठवायची वेळ आली. तेव्हा भुजबळ सरांनी मध्ये शब्द टाकला, एक शेवटची संधी मिळाली आणि पोरानं ती साधली. २०१७ मध्ये सैन्यात नोकरी. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्याबरोबर सांघिक रौप्य. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक. तिथे पात्रता फेरीत त्याचे ६५६ गुण तिन्ही भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त होते. पहिल्या सामन्यात त्यानं जागतिक क्रमवारीत दुसरा असलेल्या गालसान बाझारझापोव्हला ६-० असं हरवलं. पुढच्या सामन्यात अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून ०-६ असा हरला. २०२४ मध्ये पॅरिसलाही गेला.

या सगळ्यात मला एकच गोष्ट डसली. भुजबळ सरांनी शिकवलं पळायला, आणि पोरगा झाला तिरंदाज! म्हणजे "माझा शिष्य" म्हणून दाखवायचं तर सरांच्या पळण्याच्या शिकवणीतलं त्याच्या धनुष्यात काय उरलं? काहीच नाही आणि सगळंच. पोरगा कोसळला तेव्हा त्याच्याकडे बघणारं माणूस तिथे होतं, यावर सगळं उभं आहे.

आमच्या सांगलीतही असं एक उदाहरण आहे. संकेत सरगर. घरची पानटपरी आणि चहाची गाडी. दिग्विजय व्यायामशाळेत मयूर सिंहासने यांच्याकडे वजनं उचलायला शिकला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक त्याचं, ५५ किलो गटात रौप्य. एकूण २४८ किलो. सुवर्णवाल्याचे २४९. दुसऱ्या उचलीत कोपर दुखावलं होतं, तरी तिसऱ्यांदा गेलाच. त्याची धाकटी बहीण काजल हिनं त्याच वर्षी जूनमध्ये खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्या दिवसांत सांगलीत सगळे त्या एक किलोबद्दल हळहळत होते. मी मात्र त्या व्यायामशाळेत रोज येणाऱ्या बाकीच्या पोरांचा विचार करत होते. बर्मिंगहॅमला न जाणारी पोरं. त्यांनाही कुणीतरी "पाठ सरळ ठेव" म्हणत असणारच की.

आता माझ्या ग्राउंडवरची एक गोष्ट. नाव सांगत नाही, ती वाचेल आणि लाजेल.

२०१७ च्या सुमाराची. सातवीतली मुलगी, वर्गात सगळ्यांत उंच. उंच मुलगी दिसली की सगळे तिला बास्केटबॉलला ढकलतात, तसं तिलाही ढकललेलं. बोर्डाखाली उभी राहिली की नुसते हात वर केले तरी दुसऱ्या संघाची पंचाईत. वर्षभरात आमचा संघ तिच्यामुळे जिंकायला लागला. मला किती आनंद झाला असेल! इतकी वर्षं हरल्यावर पहिल्यांदा लोक ओळखून "मॅडम, अभिनंदन" म्हणायला लागले.

पण मला सरांची सवय लागलेली. पायांकडे बघायची. आणि तिचे पाय मला दुसरंच काही सांगत होते. गर्दीत ती अवघडायची. तीन जणी अंगावर आल्या की चेंडू कुणालातरी देऊन टाकायची आणि मोकळी व्हायची. मात्र सराव संपताना ग्राउंडला चकरा मारायला सांगितलं की चेहरा बदलायचा. बाकीच्या कुरकुरत दोन मारायच्या, ही चार मारून विचारायची, "ताई, अजून एक?" लांब टांगा, एक लय, आणि कडेला कुणीही नाही. तिला एकटीनं पळायचं होतं, आणि हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

महिनाभर मी गप्प राहिले. जिल्हास्तराचे सामने पंधरा दिवसांवर होते. संघातल्या बाकीच्या अकरा जणींनी वर्षभर घाम गाळला होता, त्यांचाही विचार होताच. शेवटी सामने होऊ दिले, जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ॲथलेटिक्स शिकवणाऱ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुमची सेंटर मला देताय? नक्की ना?" मी म्हटलं, "पळताना बघा आणि मग सांगा." त्यांनी चारशे मीटर पळवलं. घड्याळाकडे बघितलं, काही बोलले नाहीत, उद्यापासून सहाला ये एवढंच तिला सांगितलं.

तिचे वडील मात्र संध्याकाळी घरी आले. "मॅडम, तिच्यात काही कमी आहे का? संघातून काढलं म्हणे." त्यांना चहा दिला आणि समजावत बसले. त्यांना पटलं असं नाही. पण मुलगी दारात बूट घालून उभी होती, त्यामुळे फार बोलता आलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पुढचं वर्षही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी उतरलं तेव्हा ग्राउंडवर गुडघाभर गाळ आणि बोर्ड वाहून गेलेला. त्या रविवारी गाळ काढायला मुली आल्या, त्यांत ही पण होती. बास्केटबॉल सोडून दोन वर्षं झालेली, तरी घमेलं घेऊन उभी. "ग्राउंड माझं पण आहे ना, ताई," म्हणाली.

ती ऑलिंपिकला गेली नाही. राज्य पातळीवर एकदा धावली, पदक आलं नाही. तीन वर्षांपूर्वी पोलीस भरतीला उतरली. मुलींना तिथे आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा असतो. झाली भरती! वडील पेढे घेऊन आले. "पुढे काय" हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. पण खरं सांगायचं तर ती भरती झाली नसती तरी मी तिला त्या सरांकडे नेलंच असतं. पेढे मिळाले म्हणून माझं बरोबर ठरलं, असं मी मानत नाही. चेंडू आत गेला म्हणजे पाय बरोबर होता असं नसतं, हेच तर सरांनी शिकवलं होतं.

हल्ली मी पालकांना साधंच सांगते. पुढे काय ते मला माहीत नाही. मुलीला बास्केटबॉलमध्ये नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. पण शाळेत पन्नास-साठ मुलींच्या वर्गात तिच्याकडे एकटीकडे कुणी किती वेळ बघतं ते तुम्हीच बघा. इथे रोज तासभर तिच्याकडे कुणीतरी बघतं. ती दमते कधी, घाबरते कधी, जेवली आहे की नाही. कधी मला दिसेल की तिची जागा इथे नाही, तेव्हा तेही सांगेन. काही जणांना हे पटतं, काही मुलगी घेऊन जातात. जाऊ देत. ज्या थांबतात त्यांची तरी नीट काळजी घ्यावी.

असो. या जूनमध्ये नवीन मुली आल्या आहेत, पाचवीतल्या, चिमण्यांएवढ्या. दहा फुटांवरच्या रिंगपर्यंत चेंडू पोचवायचा म्हणून बिचाऱ्या दोन्ही हातांनी पोटापासून वर फेकतात, आणि एकदा ती सवय लागली की मोडायला वर्षं जातात. लहानांच्या खेळात रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडूही छोटा. म्हणून वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो खांब बघून म्हणाला, "मॅडम, एकदा ठरवा बरं का, किती उंचीवर फिक्स करू?"

म्हटलं, फिक्स नको करूस बाबा. वर-खाली करता येईल असं बनव. मुली वाढणार आहेत.